गाडी ऑइल खाते आहे? घरच्या एसयूव्हीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दोन सर्व्हिसच्या मधे ऑइल कमी होतंय म्हटलं की पहिला निवाडा ठरलेला असतो: ‘रिंग गेल्या, इंजिन खोलावं लागेल.’ (रिंगा म्हणजे पिस्टनभोवतीच्या धातूच्या कड्या.) काही वेळा ते खरंही असतं. पण इंजिन खोलायच्या आधी तपासायच्या बऱ्याच गोष्टी स्वस्त आणि सोप्या आहेत, आणि नेमक्या त्याच वगळल्या जातात. पुढची उत्तरं पेट्रोल आणि डिझेल दोन्ही गाड्यांसाठी आहेत. जिथे फरक पडतो तिथे तसं सांगितलं आहे.

इंजिनने थोडंफार ऑइल खाणं नॉर्मल आहे का?

हो. सिलिंडरच्या भिंतीवर ऑइलचा पातळ थर राहिलाच पाहिजे, नाहीतर पिस्टन कोरडा घासेल. त्या थरातला अगदी थोडा भाग दर वेळी इंधनाबरोबर जळून जातो. नवीन इंजिनात रिंगा नीट बसेपर्यंत, म्हणजे पहिले काही हजार किलोमीटर, हे प्रमाण जरा जास्त असतं.

किती चालतं, हा खरा प्रश्न. कंपन्यांच्या पुस्तिका याबाबत भलत्याच उदार आहेत. काही १००० किमीला अर्धा लिटर चालेल म्हणतात, काही तर एक लिटरपर्यंत जातात. हा आकडा वॉरंटीच्या वादात कंपनीची बाजू सांभाळण्यासाठी असतो. इंजिनची तब्येत त्यावरून ठरवू नये. माझा हिशेब असा: १०,००० किमीत अर्धा-एक लिटर लागत असेल तर विषय सोडून द्या. १००० किमीला ३०० मिलीच्या आसपास जात असेल तर कारण शोधायला लागा. अर्ध्या लिटरच्या वर गेलं तर पुस्तिकेत काहीही लिहिलेलं असो, इंजिनात काहीतरी बिघडलेलं आहे.

सायलेन्सरमधून धूर दिसत नाही. मग ऑइल जळतंय असं कसं म्हणता?

जरा गणित करून बघा. १००० किमीला अर्धा लिटर म्हणजे एका किलोमीटरला अर्धा मिली, साधारण दहा थेंब. ताशी ६० च्या वेगाने एक किलोमीटर जायला एक मिनिट लागतं. तेवढ्यात २००० आरपीएमवर चाललेलं चार सिलिंडरचं इंजिन ४००० वेळा फायर करतं. दहा थेंब ४००० स्फोटांत वाटले गेले तर डोळ्यांना काय दिसणार? शिवाय जे काही बाहेर येतं त्यातलं बरंचसं गरम कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धूर स्वच्छ करणारा एक्झॉस्टमधला भाग) जाळून टाकतो. निळा धूर स्पष्ट दिसू लागतो तोपर्यंत खप बराच वाढलेला असतो. धूर नाही म्हणून ऑइल जळत नाही, हा निष्कर्ष काढू नका.

डिपस्टिक बघायची योग्य पद्धत कोणती? दर वेळी वेगळं रीडिंग येतं.

गाडी सपाट जागी हवी. एसयूव्ही बऱ्याचदा उतारावरच्या पार्किंगमध्ये उभ्या असतात आणि तिथे घेतलेलं माप अर्धा लिटर इकडेतिकडे सहज दाखवतं. इंजिन गरम करून बंद करा, वरचं ऑइल चेंबरमध्ये (इंजिनच्या तळाच्या ऑइल टाकीत) उतरायला पाच-दहा मिनिटं द्या. काडी पुसा, पूर्ण आत घाला, मग बाहेर काढून दोन्ही बाजूंनी बघा. दोन बाजूंना वेगळी पातळी दिसली तर खालची धरा, कारण वरची बहुधा नळीच्या कडेला लागलेल्या ऑइलची असते. काही कंपन्या थंड इंजिनवर माप घ्यायला सांगतात. तुमच्या पुस्तिकेत जे असेल तेच दर वेळी पाळा.

बहुतेक गाड्यांत किमान आणि कमाल खुणांमध्ये सुमारे एक लिटरचं अंतर असतं. ऑइल किमान खुणेपाशी आहे म्हणजे चेंबर रिकामा झालेला नसतो, पण वाट बघण्यातही अर्थ नसतो.

खप नेमका किती, हे कसं मोजायचं?

‘मागच्या महिन्यात एक डबा टाकला होता’ हे मोजमाप नव्हे. योग्य ग्रेडचं ऑइल नव्या फिल्टरसह कमाल खुणेपर्यंत भरा. किलोमीटर लिहून ठेवा, काडीचा फोटो काढा. साधारण १५०० ते २००० किमी नेहमीसारखी गाडी चालवा, मधे दर ५०० किमीला पातळी बघा. शेवटी त्याच जागी, तितकाच वेळ थांबून, मोजपात्राने ऑइल ओतत पुन्हा कमाल खुणेपर्यंत आणा. जितकं ओतलं तितका खप.

गाडी वॉरंटीत असेल तर हीच चाचणी सर्व्हिस सेंटरमध्ये करून घ्या. ते ड्रेन बोल्ट आणि काडीवर खूण करतात किंवा सील लावतात. आकडे जॉबकार्डवर लिहून घ्या. पुढे वाद झालाच तर तोंडी बोलण्याचा काही उपयोग होत नाही.

यात एक खोच आहे. रोज चार-पाच किलोमीटरच्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीत इंजिन नीट तापत नाही, थोडं न जळलेलं इंधन आणि पाण्याची वाफ ऑइलमध्ये मिसळते आणि पातळी टिकून राहिल्यासारखी वाटते. मग सुट्टीत सगळं कुटुंब आणि सामान भरून लांबचा पल्ला गाठला की ते इंधन उडून जातं आणि काडी एकदम खाली येते. ‘एका ट्रिपमध्ये लिटरभर खाल्लं’ या तक्रारीमागे बऱ्याचदा आधीच्या दोन महिन्यांचा लपलेला खप असतो. म्हणून चाचणीत थोडा लांबचा प्रवासही असू द्या.

गळतंय की जळतंय, हे कसं ओळखायचं?

जमिनीवर डाग नाही म्हणून गळती नाही, असं एसयूव्हीत धरू नका. इंजिनखाली मोठं प्लॅस्टिकचं किंवा पत्र्याचं कव्हर असतं. ऑइल त्यात साठतं, नाहीतर वेगात वाऱ्याने मागे उडतं. कव्हर काढून बघायलाच हवं. टॅपेट कव्हरचं (इंजिनच्या माथ्यावरच्या झाकणाचं) गॅस्केट, ऑइल फिल्टरची बैठक, ऑइल प्रेशर स्विच, ड्रेन बोल्टचा वॉशर, टायमिंग कव्हर आणि क्रँकचं मागचं ऑइल सील या नेहमीच्या जागा. मागचं सील गेलं की ऑइल इंजिन आणि गिअरबॉक्सच्या जोडावरून ठिबकतं. पण तिथे ओल दिसली म्हणून लगेच गिअरबॉक्स उतरवू नका. टॅपेट कव्हरचं ऑइल मागच्या बाजूने ओघळून तिथेच पोचतं.

सगळं माखलेलं असेल तर इंजिन धुवा, ऑइलमध्ये अल्ट्राव्हायोलेट डाय घाला, शंभरेक किलोमीटर चालवा आणि यूव्ही टॉर्चने बघा. चमकणाऱ्या रेषेचं सर्वांत वरचं टोक म्हणजे गळतीची जागा.

कूलंटच्या एक्स्पान्शन टाकीत ऑइलची साय दिसली तर ऑइल कूलर किंवा हेड गॅस्केटचा संशय घ्या. फक्त ऑइल भरण्याच्या झाकणाखाली पिवळसर साय असेल आणि कूलंट कमी होत नसेल, तर ती बहुधा छोट्या फेऱ्यांमुळे साठलेली वाफ असते.

निळा धूर कधी येतो यावरून काही कळतं का?

बरंच कळतं, विशेषतः पेट्रोल गाडीत. रात्रभर उभी गाडी सकाळी सुरू करताच निळा भपका आला आणि मग थांबला, तर व्हॉल्व्ह सील: वरचं ऑइल रात्रभर व्हॉल्व्हच्या दांडीवरून झिरपलेलं असतं. लांब उतार गिअरमध्ये उतरून पुन्हा अॅक्सिलरेटर दिल्यावर भपका आला तरी व्हॉल्व्ह सील किंवा गाइड, कारण उतारावर इनटेकमध्ये (हवा आत येण्याच्या मार्गात) निर्वात वाढून ऑइल आत ओढलं जातं. मात्र रिंगा फार झिजल्या असतील तर त्याही हाच खेळ करतात. चढावर, ओझं असताना सतत धूर येत असेल तर रिंगा. सिग्नलवर बराच वेळ आयडल राहिल्यानंतर निघताना धूर आला आणि गाडीला टर्बो (इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा) असेल, तर टर्बोकडे बघा.

काळा धूर म्हणजे जास्तीचं इंधन. दाट पांढरा, गोडसर वासाचा धूर म्हणजे कूलंट. त्यांचा इथे संबंध नाही.

पीसीव्ही व्हॉल्व्ह म्हणजे काय? सगळे आधी तोच बदलायला का सांगतात?

कारण स्वस्तातलं सगळ्यात मोठं कारण तेच आहे. रिंगांना चुकवून थोडे वायू नेहमीच खाली चेंबरमध्ये उतरतात; त्याला ब्लो-बाय म्हणतात. ते इनटेकमध्ये परत नेऊन जाळण्याचं काम पीसीव्ही (पॉझिटिव्ह क्रँककेस व्हेंटिलेशन) व्यवस्था करते. वाटेत एक सेपरेटर असतो, तो वायूतले ऑइलचे कण वेगळे करून खाली सोडतो.

यात बिघाड दोन उलट प्रकारे होतो. व्हॉल्व्ह किंवा ब्रीदर पाइप चोक झाला तर चेंबरमध्ये दाब वाढतो आणि ऑइल सीलमधून, गॅस्केटमधून, टर्बोतून वाट काढतं. व्हॉल्व्ह उघडाच अडकला किंवा त्याचा रबरी पडदा फाटला तर इंजिन चेंबरमधून ऑइलची वाफ सरळ ओढत राहतं आणि जाळतं. अनेक नव्या इंजिनांत हा पडदा टॅपेट कव्हरमध्येच बसवलेला असतो. तो सुटा मिळत नाही, पूर्ण कव्हर बदलावं लागतं.

घरी करता येण्यासारखी तपासणी: इंजिन आयडलवर ठेवून ऑइलचं झाकण काढा आणि तोंडावर कागद धरा. कागद हलकासा ओढला गेला तर ठीक. फडफडत बाहेर ढकलला गेला तर व्यवस्था चोक आहे किंवा ब्लो-बाय जास्त आहे. झाकण निघता निघत नसेल, किंवा इंजिनमधून शिट्टीसारखा आवाज येत असून झाकण काढताच थांबत असेल, तर पडदा फाटलेला असण्याची दाट शक्यता. सैल कपडे, केस दूर ठेवा. काही इंजिनांत उघड्या तोंडातून ऑइल उडतं.

पीसीव्ही बदलल्यावर मोजणीची चाचणी पुन्हा करा. हे कोणी करत नाही, आणि मग तीन भाग एकदम बदलून नेमकं कशाने बरं झालं हे कुणालाच सांगता येत नाही.

मेकॅनिक म्हणतो टर्बो गेला. खात्री कशी करायची?

इंटरकूलरचा (टर्बोतून येणारी हवा थंड करणाऱ्या भागाचा) पाइप काढून बघा. आत ऑइलचा पुसट थर असणं नेहमीचं आहे, डबकं साठलेलं असणं नाही. टर्बोच्या शाफ्टला आडवी-उभी हालचाल किती आहे, पाती घराला घासल्याच्या खुणा आहेत का, हेही बघा.

पण मुद्दा निराळाच आहे. टर्बोतलं ऑइल चेंबरमध्ये परत येतं ते फक्त गुरुत्वाकर्षणाने. परतीची नळी चोक असेल किंवा पीसीव्ही बिघडून चेंबरमध्ये दाब असेल, तर ऑइल उतरत नाही आणि शाफ्टच्या सीलमधून बाहेर पडतं. अशा वेळी टर्बो निर्दोष असतो. नवा बसवला तरी तोही ‘गळायला’ लागतो आणि मग खापर स्पेअर पार्टवर फुटतं. टर्बोच्या बिलावर सही करण्याआधी परतीची नळी आणि ब्रीदर तपासून घ्या.

कॉम्प्रेशन उत्तम आलं. म्हणजे रिंगा चांगल्या आहेत ना?

अर्धंच बरोबर, आणि इथेच सर्वाधिक घोटाळा होतो. कॉम्प्रेशन चाचणी म्हणजे सिलिंडरमध्ये किती दाब तयार होतो त्याचं माप. पिस्टनवर साधारणपणे तीन रिंगा असतात. वरच्या दोन मुख्यतः वायूचा दाब अडवतात. तिसरी, खालची, ऑइल रिंग; तिचं काम वायपरसारखं, भिंतीवरचं जादा ऑइल निपटून खाली पाठवायचं. निपटलेलं ऑइल रिंगमागच्या बारीक भोकांतून पिस्टनच्या आत जातं. ही भोकं कार्बनने बुजली किंवा रिंग खाचेत चिकटून बसली, की ऑइल वर जायला लागतं. वरच्या दोन रिंगा ठणठणीत असल्यामुळे कॉम्प्रेशन मात्र नव्यासारखं येतं, पिकअपही कमी होत नाही. गेल्या दोन दशकांत इंधन वाचवण्यासाठी रिंगांचा ताण कमी केला गेला, ऑइलं पातळ झाली, ऑइल बदलण्याचं अंतर वाढलं; अशा इंजिनांत हा प्रकार विशेष दिसतो.

म्हणून नुसत्या कॉम्प्रेशनवर थांबू नका. आकडा कमी आला तर सिलिंडरमध्ये पाच-दहा मिली ऑइल घालून पुन्हा घ्या: वाढला तर रिंगा किंवा बोअर (सिलिंडरची आतली भिंत), तसाच राहिला तर व्हॉल्व्ह. लीक-डाउन चाचणीत सिलिंडरमध्ये दाबाने हवा भरतात आणि ती कुठून निसटते ते ऐकू येतं. ऑइलच्या तोंडाशी आवाज आला तर रिंगा, सायलेन्सरकडे आला तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह. प्लग काढून शेजारी शेजारी मांडा. चारांपैकी एकच ओला किंवा राखेने माखलेला असेल तर दोष त्या एका सिलिंडरचा आहे, आणि राख प्लगच्या एकाच बाजूला जमली असेल तर व्हॉल्व्ह सीलचा संशय बळावतो. शेवटी बोअरस्कोप (बारीक कॅमेरा) आत घाला. पिस्टनचा माथा काळा पण कडेने धुतल्यासारखा स्वच्छ दिसला, तर तिथून ऑइल वर येतंय. भिंतीवरच्या होनिंगच्या (मुद्दाम घासून पाडलेल्या) तिरप्या रेषा शाबूत असतील तर बोअर अजून चांगला आहे, ही आनंदाची बातमी.

कमी चाललेल्या गाडीतही असं होऊ शकतं?

होतं, आणि दर वेळी मालकाची हयगय कारणीभूत नसते. टोयोटाच्या २.४ लिटर २एझेड-एफई इंजिनात (२००६ ते २००८ ची आरएव्ही४ त्यातलीच) पिस्टन-रिंगांमुळे ऑइल खाण्याची तक्रार इतकी आली की कंपनीने अमेरिकेत वॉरंटीबाहेरच्या गाड्यांसाठीही सुधारित पिस्टन बसवण्याची योजना काढली. सुबारूच्या २०११ ते २०१४ च्या फॉरेस्टरसह काही मॉडेलांवरचा अमेरिकेतला सामूहिक दावा २०१६ मध्ये तडजोडीने मिटला. जनरल मोटर्सच्या ५.३ लिटर व्ही८ मध्ये, म्हणजे टाहो आणि सबर्बनमध्ये, चालू असताना निम्मे सिलिंडर बंद करणाऱ्या यंत्रणेच्या रिलीफ व्हॉल्व्हमधून ऑइलचा फवारा सिलिंडरच्या भिंतींवर उडायचा. त्यावर आडवा पत्रा बसवण्याचा उपाय काढला गेला. आपल्या इंजिनच्या कोडवर कंपनीचं काही सर्व्हिस बुलेटिन आहे का, हे पैसे खर्चण्याआधी जरूर विचारा.

जाड ऑइल टाकलं तर थांबेल का?

थोडं कमी होईल कदाचित. पुस्तिकेत ज्या ग्रेडला परवानगी आहे त्या मर्यादेत ०डब्ल्यू-२० वरून ५डब्ल्यू-३० वर जाणं ठीक. त्यापलीकडे जाऊ नका: व्हॉल्व्ह टायमिंग बदलणाऱ्या यंत्रणा आणि बारीक ऑइलमार्ग ठराविक पातळपणा धरून बनवलेले असतात.

जाडीपेक्षा जास्त फरक पडतो तो ऑइल किती उडून जातं याचा. नोआक चाचणीत ऑइल २५० अंश सेल्सियसला एक तास ठेवून किती टक्के उडालं ते मोजतात. अमेरिकेच्या एपीआय एसपी दर्जात कमाल १५ टक्के चालतं, युरोपच्या एसीईए सी३ मध्ये १३ टक्के. चांगल्या सिंथेटिक ऑइलच्या माहितीपत्रकात हा आकडा याहून बराच कमी असतो. टर्बो पेट्रोल गाडीत एपीआय एसपी दर्जा पाहूनच घ्या. कमी वेगात, जोर असताना अवेळी होणाऱ्या स्फोटांपासून संरक्षणाची चाचणी त्यात आहे, आणि सिलिंडरमध्ये शिरलेले ऑइलचे थेंब अशा स्फोटांना निमित्त होतात.

बाटलीतली औषधं, फ्लश, ‘पिस्टन सोक’ यांनी काही होतं का?

कडक झालेल्या सीलला मऊ करणारी ॲडिटिव्ह बारीक झिरपण्यावर कधी कधी लागू पडतात. फाटलेल्या सीलवर किंवा झिजलेल्या बोअरवर कुठलीही बाटली चालत नाही.

चिकटलेल्या ऑइल रिंगवर पिस्टन सोक करून बघण्यासारखं आहे. प्लग काढायचे, पिस्टन मधल्या उंचीवर आणायचे, कार्बन विरघळवणारं द्रावण सिलिंडरमध्ये ओतून रात्रभर ठेवायचं. दुसऱ्या दिवशी उरलेलं शोषून काढायचं आणि इंधन व इग्निशन बंद ठेवून, प्लग न लावता स्टार्टर फिरवायचा. प्लग लावून फिरवलात तर द्रव दाबला जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. नंतर ऑइल आणि फिल्टर बदलायचेच, कारण द्रावण खाली उतरलेलं असतं. गुण आला तर इंजिन खोलणं वाचतं. नाही आला तर फार काही बिघडत नाही. डिझेलमध्ये हा प्रयोग घरी करू नका.

माझी डिझेल गाडी आहे. ऑइल कमी व्हायच्या ऐवजी वाढलंय!

डीपीएफमधली (एक्झॉस्टमधल्या काजळी अडवणाऱ्या फिल्टरमधली) काजळी जाळण्यासाठी इंजिन जादा डिझेल फवारतं. छोट्या फेऱ्यांमुळे ही साफसफाई अर्धवट राहिली की त्यातलं काही डिझेल ऑइलमध्ये उतरतं. पातळी कमाल खुणेच्या वर गेली असेल तर गाडी फिरवत राहू नका, ऑइल बदला. पातळ झालेलं ऑइल बेअरिंग खातं. आणि ते टर्बो किंवा ब्रीदरमधून इनटेकमध्ये शिरलं तर इंजिन त्यावरच बेफाम धावू लागतं. मग चावी फिरवूनही बंद होत नाही.

ऑइल खाणाऱ्या डिझेल गाडीत डीपीएफही लवकर भरतो, कारण ऑइलची राख जळत नाही, आतच साठते. कमी राखेचं, कंपनीने सांगितलेल्या दर्जाचंच ऑइल वापरा.

नुसतं टॉप-अप करत चालवलं तर?

जुनी गाडी, मध्यम खप, काडी नियमित बघणारा मालक असेल तर माझा आक्षेप नाही. बऱ्याच गाड्या अशा वर्षानुवर्षं चालतात. पण किंमत कुठेतरी मोजावी लागते: ऑइलमधलं फॉस्फरस कॅटॅलिटिक कन्व्हर्टर निकामी करत जातं, प्लग राखेने भरून मिसफायर सुरू होतो, आणि एक दिवस पी०४२० हा, कन्व्हर्टर नीट काम करत नसल्याचा, कोड येतो. तेव्हा नुसता कन्व्हर्टर बदलणं म्हणजे नव्याचीही वाट लावणं. आणि जास्तीचं ओतून ‘स्टॉक’ करू नका. कमाल खुणेच्या वर गेलं की क्रँक ऑइल घुसळतो, फेस होतो आणि ब्रीदरमधून आणखी ऑइल जातं.

लाल दिवा लागत नाही, म्हणजे ऑइल पुरेसं आहे ना?

नाही. लाल दिवा प्रेशरचा आहे, पातळीचा नव्हे. वळणावर तो लुकलुकला तरी पंप हवा ओढतोय असं समजा: सुरक्षित जागी थांबा, इंजिन बंद करा, ऑइल घातल्याशिवाय सुरू करू नका.

दुरुस्ती कोणत्या क्रमाने करावी?

आधी मोजणी. मग बाहेरची गळती, पीसीव्ही, ऑइलचा दर्जा. टर्बो असेल तर त्याच्या नळ्या. मग व्हॉल्व्ह सील. बऱ्याच इंजिनांत हेड न उतरवता सिलिंडरमध्ये हवेचा दाब देऊन व्हॉल्व्ह जागीच धरतात आणि सील बदलतात. ‘हेड काढावंच लागेल’ असं ऐकलं तर का, ते विचारा. रिंगा सर्वांत शेवटी.

रिंगांचं काम करायचंच ठरलं तर बोअरचा घेर वर, मधे, खाली आणि दोन दिशांना मोजून आकडे लिहून मागा. लंबगोल झालेल्या बोअरमध्ये नव्या रिंगा घालणं म्हणजे पैसे पाण्यात. कंपनीने पिस्टनची रचना बदलली असेल तर सुधारित पिस्टनच घ्या, नाहीतर तीच भोकं पुन्हा बुजतील. रिंगा कशाने झिजल्या हेही शोधा. एअर फिल्टर नीट न बसल्याने धूळ शिरली असेल तर वापरलेल्या ऑइलच्या प्रयोगशाळा तपासणीत सिलिकॉन जास्त दिसतं. गाडी कधी फार तापली असेल तर रिंगांचा ताण गेलेला असू शकतो, आणि मग कूलिंगचाही बंदोबस्त आधी हवा.

काम झाल्यावर लगेच ऑइल खाणं थांबतं का?

व्हॉल्व्ह सील किंवा पीसीव्हीचा परिणाम जवळजवळ लगेच दिसतो. एक्झॉस्टमध्ये आधी साठलेलं ऑइल जळेपर्यंत थोडा धूर येईल, तेवढा सोडून द्या. नव्या रिंगांना वेळ लागतो. सुरुवातीचे काही शे किलोमीटर सतत एकाच वेगाने किंवा आयडलवर गाडी ठेवू नका. मध्यम जोराने वेग वाढवायचा, मग अॅक्सिलरेटर सोडून गिअरमध्ये उतरू द्यायचं. रिंगा बोअरला बसायला हे लागतं. पहिलं ऑइल लवकर बदला, त्यात घासलेल्या धातूचा चुरा असतो. साधारण २००० किमी झाले की वर सांगितलेली मोजणी पुन्हा करा, आणि तो आकडा गॅरेजच्या बिलामागेच लिहून ठेवा.